आधी रांग, मग खरेदी

आमची घरमालकीण त्या मोठ्या दुकानात गेली की आधी बिलाच्या रांगेत माणूस उभा करायची आणि मग खरेदीला लागायची. तिचं म्हणणं सरळ होतं. वस्तू काही पळून जात नाहीत, रांग मात्र बघता बघता मारुतीच्या शेपटासारखी लांबत जाते. जे लांबतं ते आधी धरून ठेवायचं.

भिवंडीत टेमघरला तिच्या घरात आम्ही दीड वर्ष भाड्याने राहिलो. खाली ती आणि तिचा नवरा, वर आम्ही दोघं. मी मानकोलीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होते. माझा नवरा दुसऱ्या गोदामात, आणि त्याची ड्युटी नेमकी रविवारची. सगळी गल्ली तिला काकी म्हणायची, म्हणून मीही काकीच म्हणायचे. काकी खारबावकडच्या एका खेड्यातली, भातशेतीच्या घरातली. अंगाने भरदार आणि आवाजाने त्याहून भरदार. काका तिच्या निम्मे. ते पॉवरलूममध्ये जॉबर होते, म्हणजे लूम अडला की तो उघडून चालू करणारा माणूस. आयुष्य त्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचे कान कामातून गेले होते. कोणी काही बोललं की ते आधी हसायचे, मग मान हलवायचे आणि मग काकीकडे बघायचे. काकी दोन बोटं हलवून काहीतरी दाखवायची आणि त्यांना सगळं कळायचं. मला दीड वर्षात त्यातल्या फक्त तीन खुणा कळल्या: चहा, लाइट गेली, आणि गप बसा.

राहायला आल्यावरच्या पहिल्याच रविवारी संध्याकाळी खालून हाक आली, "पोरी, हायस का घरात? चल, गोदामात जायाचं हाय."

मी गॅलरीतून म्हटलं, "काकी, आज सुट्टी आहे माझी."

"तुजं गोदाम न्हाय गं. माजं."

पत्र्याचं उंच छप्पर आणि आत खोकी असली की ते गोदाम, असा तिचा हिशेब. भिवंडीत तो फारसा चुकतही नाही. पण ती म्हणत होती ते हमरस्त्यावरचं नवीन दुकान, जिथे रव्यापासून रजईपर्यंत सगळं एका छताखाली मिळतं आणि रविवारी अर्धा तालुका लोटतो. मी खाली आले तर काकी लग्नाला निघाल्यासारखी तयार. जरीकाठाची साडी, अबोलीचा गजरा, हातात कापडी पिशवी. मागे काका, पांढरा शर्ट इस्त्री केलेला.

"काकी, आज फार गर्दी असेल," मी म्हटलं. "मंगळवारी सकाळी जाऊ या ना. रिकामं असतं."

ती थांबली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, की ही पोरगी शिकली कुठे.

"रिकाम्या दुकानात कोन जाईल? जितं गर्दी न्हाय तितं माल उठत न्हाय. माल उठत न्हाय तितं किडं पडतात. तुला किडं खायाचं हायत काय?"

मला किडे खायचे नव्हते. मी रिक्षात बसले.

दुकानाच्या दारात पहिलं युद्ध झालं. आत जाणाऱ्या प्रत्येक पिशवीचं तोंड तिथला वॉचमन प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बंद करतो. काकीच्या पिशवीत मिश्रीची डबी, एक रुमाल आणि काकांसाठी बिस्किटांचा पुडा. एवढ्याला पट्टी लावली म्हणून तिने वॉचमनला विचारलं, "माज्या पिशवीला बेडी कशाला? तिनं काय केलंय?"

"नियम आहे, मावशी."

"मंग मला पन बांद. मी तं पिशवीपेक्षा मोठी हाय, माज्या साडीत किती मावंल बग!"

वॉचमन खाली बघायला लागला. मागे तीस माणसं खोळंबली होती. ही झटापट दर रविवारी व्हायची आणि दर रविवारी पिशवीला पट्टी लागायचीच, पण काकीने आपलं म्हणणं मांडायचं कधी सोडलं नाही.

आत गेल्यावर तिने तिची पद्धत सांगितली. काका सात नंबरच्या काउंटरला उभे राहणार, मी चार नंबरच्या. दोघांपुढे एकेक रिकामी ट्रॉली. ती माल आणून आणून टाकणार. ज्याची रांग लवकर सरकेल त्याच्याकडून बिल, दुसऱ्याने ट्रॉली सोडून यायचं. आजवर तिच्याकडे काका एकटेच होते, एकच रांग धरता यायची. मी आल्याने तिची ताकद दुप्पट झाली होती. भाडेकरू निवडताना तिने मला "पायांना काय तरास न्हाय ना?" असं का विचारलं होतं, ते मला तिथे उभी राहिल्यावर कळलं.

रिकामी ट्रॉली घेऊन बिलाच्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पाच मिनिटांत मागच्या माणसाने विचारलं, "मॅडम, आपका सामान किधर है?"

"आ रहा है," मी म्हटलं.

तेवढ्यात काकी आली, दोन किलो तूरडाळ ट्रॉलीत आदळली आणि परत गेली. मग साबण. मग एक झाडू. चौथ्या फेरीला तो माणूस वैतागला. "ये क्या तरीका है? हम लोग पागल हैं क्या?"

काकीला हिंदी यायची. म्हणजे ती मराठीच बोलायची, पण समोरच्याला हिंदी वाटावं अशा बेताने. "तुम जब आया तब ये लडकी इदर खडी थी का न्हाय?"

"थी. लेकिन सामान तो नहीं था!"

"सामान का नंबर न्हाय रयता भैया. मानूस का नंबर रयता है. मानूस देखो, मानूस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छताला पंखे होते, पण वारा फक्त भांड्यांच्या कप्प्यापर्यंत पोचत होता.

काकांची रांग सहसा हरायची, कारण काका स्वभावाने भिडस्त. एका दुधाच्या पिशवीसाठी कोणी उभा दिसला की ते हाताने खूण करायचे, जा, तू जा पुढे. लेकुरवाळी बाई दिसली की तिला पुढे. म्हातारा दिसला की त्यालाही पुढे, मग तो त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान का असेना. काकी दुरून बघायची आणि कपाळावर हात मारायची. "सगळ्या भिवंडीला पुढं लावील हा, आनि सोता दुकान झाडायला थांबील."

माझे रविवार असे जाऊ लागले. दर वेळी मनाशी ठरवायचे की आज डोकं दुखतंय म्हणून सांगायचं. एकदा सांगितलंही. काकीने बाम आणून दिला आणि खालीच थांबून राहिली. माझ्या पायांवरून लोकांच्या ट्रॉल्या गेल्या. शेंगदाण्यांच्या ढिगापाशी माझी ओढणी कोणाच्या तरी चाकात अडकली आणि मी पाच पावलं उलटी चालत गेले. एकदा तासभर उभं राहून काउंटरला पोचले, तर कोथिंबिरीच्या जुडीवर वजनाची चिठ्ठी नव्हती. ती आणायला काकी गेली आणि वाटेत तिला ओळखीची बाई भेटली. माझ्या मागे उभ्या असलेल्या लोकांनी त्या दिवशी मला ज्या नजरांनी पाहिलं, तसं माझ्या सासूनेही कधी पाहिलेलं नाही.

पण काकीला त्या गर्दीतच खरी मौज वाटायची. दुसऱ्यांच्या ट्रॉलीत डोकावणं हा तिचा हक्क होता. कोणी काय घेतलंय ते बघून ती त्या घराचं सगळं ओळखायची आणि ते मोठ्याने बोलायची. "पावनं यायचं हायत वाटतं." "गुडघे दुखतात ना? मंग हे लोनचं ठेव परत." एका नव्या जोडप्याने इडलीसाठी महागाचा बासमती घेतला होता. काकीने तो त्यांच्या ट्रॉलीतून उचलला, जागेवर नेऊन ठेवला, जाडा तांदूळ आणून त्यांच्या ट्रॉलीत टाकला आणि नवऱ्याला सांगितलं, "हिच्या आयशीला इचार." ते दोघं इतके घाबरले की तो तांदूळ घेऊन गेले.

सुट्या तांदळाच्या पेट्यांपाशी ती हमखास थांबायची. एक दाणा दातांखाली धरायची, डोळे मिटायची. कामावरची मुलगी म्हणायची, "काकी, खायचं नसतं इथलं."

"मी खात न्हाय गं. मी इचारते हाय त्याला."

"काय?"

"वय."

मग निकाल लागायचा. "जुना म्हनून लिवलाय. हा तं परवा कापलेला." मुलगी आधी चिडायची. नंतर नंतर मी पाहिलं, काकी आली की तीच हळूच विचारायची, "काकी, ह्यातला कुठला बरा? माझ्या घरी न्यायचाय."

एक गृहस्थ तर मी विसरूच शकत नाही. चष्मा, ऑफिसची पिशवी, आणि ट्रॉलीत दहा पाकिटं शेवयांची, ती दोन मिनिटांवाली, आणि एक लोणच्याची बाटली. काकीने वर-खाली बघितलं आणि विचारलं, "बायको म्हायेरी गेली काय?"

त्याचा चेहरा पडला. "हो."

"भांडून?"

तो चष्मा पुसायला लागला. काकीने त्याची सगळी पाकिटं बाहेर काढली, मूगडाळ आणि तांदूळ आत टाकले आणि तिथेच, दोन कप्प्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभं राहून त्याला खिचडी शिकवायला घेतली. पानी किती, हळद कवा, शिट्ट्या किती. वाट बंद. दोन्ही बाजूंना ट्रॉल्यांची कोंडी. एका बाईने मागून ओरडून विचारलं, "मोहरी घालायची का?" काकीने तिलाही उत्तर दिलं. पुढच्या रविवारी तो माणूस तिला शोधत आला. "मावशी, जमली."

"बायको आली काय?"

"नाही अजून."

तेव्हा तिने त्याला पिठलं शिकवलं. गणपतीच्या सुमारास तो दिसला तो बायकोबरोबर. बायको पुढे, तो मागून ट्रॉली ढकलत. काकीला बघून तो नुसता हसला. काकीने त्याच्याकडे ओळख दाखवली नाही. नंतर मला म्हणाली, "कशाला? ती इचारंल ना त्याला, ही कोन म्हनून."

आता दिवाळीच्या आधीच्या रविवारचं सांगते.

त्या दिवशी दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. रांगा काउंटरपासून निघून साबणांच्या कप्प्यातून वळून मागे कुठे गेल्या होत्या ते दिसतच नव्हतं. रवा-मैद्याच्या ढिगापाशी तर लोकांनी ट्रॉल्या सोडून दिल्या होत्या आणि डोक्यावरून पाकिटं एकमेकांकडे देत होते. काकी खुशीत होती. "बग कशी जत्रा भरलीय!" तिने काकांना सातला लावलं, मला चारला, आणि पदर खोचून गर्दीत शिरली.

दीड तास गेला. माझी ट्रॉली भरत आली, माझ्यापुढे फक्त तीन माणसं राहिली. काकी तेलाचा डबा घेऊन आली, तो ठेवता ठेवता भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं आणि ती एकदम म्हणाली, "अगो बाय! सात वाजून गेले."

काकांना साखर होती. दुपारची गोळी घेतली की सहा-साडेसहाला पोटात काहीतरी पडावंच लागायचं, नाहीतर घाम फुटून तोल जायचा. श्रावणात ते असेच रिक्षा स्टँडवर कोसळले होते आणि लोकांना वाटलं होतं, प्यायलेत. म्हणून तर तो बिस्किटांचा पुडा. काकी दर रविवारी बरोबर सहाला पट्टीच्या फटीतून बोटं घालून चार बिस्किटं काढायची आणि त्यांना चारायची. कधी विसरली नव्हती. त्या दिवशी विसरली.

ती सात नंबरकडे गेली आणि लगेच परत आली.

"म्हातारा न्हाय तितं."

"रांगेत मागे असतील, काकी. पुढे लावलं असेल कोणाला."

"रांगच न्हाय गं. मशीन बंद पडलंय. सगळे उठून गेले."

तिने चारी बाजूंना पाहिलं. काकांजवळ मोबाइल नव्हता. ऐकूच येत नाही तर करायचाय काय, म्हणून त्यांनी कधी घेतला नाही. हाक मारून उपयोग नव्हता. आणि दिवाळीच्या खरेदीला आलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या अंगात पांढरे शर्ट होते.

माझ्यापुढे आता दोनच माणसं होती. मी म्हटलं, "काकी, मी रांग धरते, तुम्ही बघून या."

"सोड रांग," काकी म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सोड म्हनते ना ती रांग! चल."

भरलेली ट्रॉली तिथेच टाकून आम्ही निघालो. ती डाव्या बाजूने, मी उजव्या. मी डाळींतून गेले, बिस्किटांतून गेले, पंधरा पांढरे शर्ट पालथे घातले. दारावरच्या वॉचमनने सांगितलं, तसा कोणी एकटा बाहेर गेला नाही. परत आले तर काकी मसाल्यांपाशी उभी होती. गजरा एका बाजूला ओघळलेला. माझा हात धरून ती म्हणाली, "पोरी, माज्याच पिशवीत हाय गं बिस्कीट. माज्याच पिशवीत." तिला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दाराजवळ एक लहान टेबल असतं. तिथे एक मुलगी माइकवरून आज कशावर काय फुकट ते सांगत असते. आम्ही तिला गाठलं.

"नाव सांगा," ती म्हणाली.

काकी पिशवीचे बंद चाळवायला लागली.

"मावशी, नाव काय त्यांचं?"

काकी माझ्याकडे बघायला लागली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, दीड वर्षात मला काकांचं नाव माहीत नव्हतं. घर काकीच्या नावावर, भाड्याचा करार काकीशी. काका म्हणजे काका.

"सांग ना, माजा नवरा म्हनून," काकी म्हणाली.

"अहो मावशी, इथे सगळ्यांचे नवरेच हरवलेत. नावाशिवाय कसं सांगू?"

"आनि त्याला ऐकू पन येत न्हाय."

मुलीने माइक खाली ठेवला. "मग मी सांगून उपयोग काय?"

"त्याला नको सांगू. लोकांना सांग."

"पण नाव?"

मी काकीला म्हटलं, माझ्या कानात सांगा, मी सांगते. ती माझ्या कानाशी आली. तिचा श्वास मला लागत होता, ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. साठी उलटलेली ती बाई, अख्ख्या दुकानाला दरडावणारी, आणि नवऱ्याचं नाव नुसतं उच्चारायला तिची जीभ रेटत नव्हती. तिच्या घरात ते तसं, उघडं, कधी कोणी घेतलंच नव्हतं. बायकांनी नाव घ्यायचं ते उखाण्यातच.

मग ती सरळ झाली. मुलीच्या हातातून तिने माइक घेतला, खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून म्हणाली,

"रवा घेतला, मैदा घेतला, भरली सगळी गाडी,
बाळाराम न्हाय गावले तर कुनासाठी ही साडी?"

सगळ्या माना टेबलाकडे वळल्या. मशीनचे आवाजसुद्धा थांबले. मग कुठूनतरी एक टाळी वाजली, मग हशा, मग पन्नास टाळ्या. एका बाईने शिट्टी मारली. मागून कोणी विचारलं, "क्या बोली? क्या फ्री है?" आणि दुसऱ्याने सांगितलं, "फ्री नहीं रे, उनका आदमी खो गया है."

काकी टाळ्यांसाठी थांबली नाही. "हसू नका. पांडरा शर्ट हाय, बारीक मानूस हाय. साखर हाय त्यांना. ऐकू येत न्हाय, तवा बोलत बसू नका. हात धरा आनि हितं आना. आनि कायतरी गोड द्या तोंडात."

हे सगळ्यांनी मनावर घेतलं, हीच अडचण झाली. दोन मिनिटांत दोन कॉलेजच्या मुली एका म्हाताऱ्याला दोन्ही हात धरून घेऊन आल्या. तो ओरडत होता, "अहो सोडा, मला ऐकू येतं!" पण बोलत बसू नका असं काकीने सांगितलंच होतं. तो काका नव्हता. त्याच्या मागोमाग दुसरा आला, तोंडात पेढा कोंबलेला, त्यामुळे त्याला काही बोलताच येत नव्हतं. त्याच्या मागून त्याची बायको धावत, "अरे, ये मेरा है! मेरा है!" तिसऱ्याला आणलं तो तिथलाच सुपरवायझर निघाला. पांढरा शर्ट ही त्याची चूक. काकी प्रत्येकाकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "ह्यो न्हाय." तिसऱ्या वेळी तो आवाज रडवेला झाला होता.

आणि मग झाडू-बादल्यांच्या बाजूने बुरखा घातलेली एक बाई आली. एका हाताने लहान मुलगी धरलेली, दुसऱ्या हाताने काका. काकांच्या तोंडात त्या मुलीचं चॉकलेट होतं, कपाळ घामाने थबथबलेलं, आणि दुसऱ्या हाताने ते आपली रिकामी ट्रॉली ओढत आणत होते. ट्रॉली त्यांनी सोडली नव्हती.

बाई म्हणाली, "लाइन में सबसे पीछे खड़े थे. बोल रहे थे, मेरी औरत आएगी. जो आता था उसको आगे भेज देते थे."

झालं असं होतं, की सात नंबर बंद पडल्यावर वॉचमनने हाताने दुसरी रांग दाखवली. काका तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले. ट्रॉली रिकामी, बायको आलेली नाही, तर दुसऱ्याला कशाला अडवा, म्हणून मागून येणाऱ्या प्रत्येकाला ते पुढे पाठवत राहिले. पाऊण तासात त्यांच्यापुढून साठेक माणसं गेली असतील, आणि ते शेवटचे ते शेवटचेच.

काकीने त्यांना गव्हाच्या पोत्यावर बसवलं. पिशवीची प्लास्टिकची पट्टी दातांनी तोडली. वॉचमन तिथेच उभा होता, त्याने दुसरीकडे तोंड केलं. तिने एकेक बिस्कीट त्यांच्या हातात दिलं आणि ते संपेपर्यंत त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसत राहिली. एकही खूण केली नाही.

चार नंबरच्या रांगेतल्या लोकांनी आमची ट्रॉली तशीच जपून ठेवली होती. "मावशी, तुम्ही आधी या," सगळे म्हणाले. काकीने एकदाही नको म्हटलं नाही. बिलाला एका नारळावर चिठ्ठी नव्हती, तरी कोणी कुरकुरलं नाही. मागच्या बायका म्हणाल्या, "काकी, अजून एक उखाणा घ्या ना!"

"एकदाच हरवलाय," काकी म्हणाली. "परत हरवला तं बगू."

काका सगळ्यांकडे बघून हसत होते, मान हलवत होते. बाहेर पडताना अनोळखी लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "आज सगळे माज्याकडं बगून का हसत व्हते?"

काकीने दोन बोटं हलवून काहीतरी सांगितलं. ती खूण मला माहीत होती. गप बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघायच्या गडबडीत होते. दारात बघते तर काका. दीड वर्षात ते पहिल्यांदा वर आले होते. त्यांनी खाली वाकून जिन्यात कोणी नाही ना ते बघितलं. मग हळू बोलायचं म्हणून जे बोलले ते चांगलं मोठ्यानेच होतं.

"पोरी, पानाच्या टपरीवर सगळ्यांना म्हायती हाय. काल ती काय बोलली? सगळ्या गोदामानं ऐकलं, मीच तेवढा ऱ्हायलो."

मी ओरडून सांगितलं असतं तर खाली ऐकू गेलं असतं. कॅलेंडरचं जुनं पान फाडून मी मागे दोन्ही ओळी लिहून दिल्या. त्यांनी कागद लांब धरला, एकेक अक्षर लावत वाचला. स्वतःच्या नावापाशी थांबले. परत पहिल्यापासून वाचला. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबला.

जायला वळले, पण गेले नाहीत.

"आवाज कसा व्हता तिचा?"

मी कागदाचा उरलेला तुकडा घेतला, विचार केला आणि लिहिलं, "कापत होता."

त्यांनी वाचलं आणि मान हलवली. ह्या वेळी आधी हसले नाहीत.

"लग्नात पन कापलेला," ते म्हणाले. "तवा ऐकलेला मी."

आणि कठडा धरून, एकेक पायरी, सावकाश खाली गेले.